‘आम्ही ते नाही’: एका शब्दाचा पोखरणपासून भादलीपर्यंतचा प्रवास

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

पिंगळीवरून बोलायलोय. पिंगळी म्हणजे परभणी सोडून गाडी पूर्णेकडं निघाली की लागणारं स्टेशन. एक्सप्रेसवाल्यांना ते फक्त खिडकीतून दिसतं. दिवसभर मी घरून कोडिंग करतो आणि रात्री लाइट असली की तुमच्यासाठी हे रेकॉर्ड करतो.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे कुठलं काढलंस बाबा. विषय असा आहे: आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास करणारे लोक ट्रान्सजेंडर माणसांचं जगणं रूपक म्हणून कसं वापरतात, आणि त्यात त्या माणसांचं काय होतं. विद्यापीठातला विषय वाटतोय ना? पण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारी माणसं आपण. जगाचं राजकारण आपल्या तोंडी आधीपासूनच आहे. आणि या अभ्यासात पुन्हा पुन्हा येणारं एक वाक्य तर आपल्या मुंबईतून गेलेलं आहे.

एक सूचना. आज काही शब्द येतील, जे घरात स्पीकरवर ऐकायला बरे वाटणार नाहीत. हेडफोन लावा. ते शब्द मी टाळणार नाही, कारण आपण बोलणार आहोत ते त्या शब्दांबद्दलच.

वाघाला काय फरक पडतो?

आधी शाळेतलं व्याकरण. ‘तो वाघासारखा आहे’ ही उपमा. ‘तो वाघच आहे’ हे रूपक. उपमेत दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, रूपकात एक दुसरीवर चढते.

आता नेत्याला वाघ म्हटलं तर वाघाचं काही बिघडत नाही. वाघ बातम्या बघत नाही. त्याला रेशन कार्ड काढायचं नसतं, शाळेत ॲडमिशन घ्यायची नसते, भाड्यानं खोली बघायची नसते. पण जिवंत माणसांच्या एका गटाचं रूपक केलं की मामला बदलतो. ती माणसं तोच शब्द अंगावर घेऊन बाजारात जातात, दवाखान्यात जातात, तहसीलला जातात. तुम्ही भाषणात वापरून सोडून दिलेला शब्द त्यांच्या आधी तिथं पोचलेला असतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात डमी डेटा नावाचा प्रकार असतो. सिस्टीम चालते का ते बघायला आपण खोटी नावं, खोटे नंबर टाकतो. त्या नावांमागं कुणी नसतं, म्हणून त्यांचं काहीही केलं तरी चालतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: राजकारणी आणि अभ्यासक, दोघांनीही तृतीयपंथी माणसांना बराच काळ डमी डेटासारखं वापरलं. एकानं शिवी म्हणून वापरलं, दुसऱ्यानं सिद्धांतासाठी. हेतू वेगळे होते, हे आधीच सांगतो. पण त्या नावामागं कुणी आहे, हे दोघांच्याही लिहिण्या-बोलण्यातून वारंवार सुटलं.

मे 1998

11 आणि 13 मे 1998. पोखरणला पाच अणुचाचण्या झाल्या. माझ्या वयाच्या लोकांना त्या आठवत असणं शक्यच नाही, आपण सिनेमातून बघितल्या. देशभर जल्लोष झाला. त्या जल्लोषात बाळासाहेब ठाकरे यांचं एक विधान जगभर गेलं. इंग्रजीत ते असं फिरतं की आम्ही ‘युनक’ नाही, हे आम्हाला सिद्ध करायचं होतं.

हे वाक्य पुढं कुठं कुठं गेलं बघा. त्याच वर्षी अरुंधती रॉय यांनी अणुबॉम्बविरोधात ‘द एंड ऑफ इमॅजिनेशन’ हा निबंध लिहिला, त्यात ते आलं. नंतर कॅरल कोन आणि सारा रडिक या अमेरिकी अभ्यासकांनी सामूहिक संहाराच्या शस्त्रांवर लिहिलं, त्यातही ते आलं. या कोनबाईंचं काम भारी आहे. त्या ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या अणुयुद्धाच्या तज्ज्ञांमध्ये जाऊन राहिल्या, आणि ही माणसं बॉम्बबद्दल बोलताना कसली भाषा वापरतात ते त्यांनी 1987 मध्ये एका लेखात मांडलं. त्यांचा मुद्दा असा की बॉम्ब बनवायचा की नाही हा निर्णय फक्त हिशोबानं होत नाही. त्यात मर्दपणा सिद्ध करायची खुमखुमी असते. आणि ज्या खोलीत ‘बायकी’ दिसण्याची भीती असते, त्या खोलीत माणसं शांततेचा मुद्दा मांडायलाच कचरतात.

मुंबईचं वाक्य म्हणजे या मुद्द्याला हातात आलेला पुरावाच होता. म्हणून ते उचललं गेलं, आणि बरोबरच उचललं गेलं. एका देशाचं परराष्ट्र धोरण मर्दानगीच्या भाषेत कसं बोलतं, हे त्या एका वाक्यात दिसतं.

पण आता ते वाक्य पुन्हा बघा. ‘आम्ही ते नाही.’ यातले ‘आम्ही’ म्हणजे भारत. रॉय यांनी यावर टोला हाणला होता, त्याचा अर्थ असा की आपल्यातल्या निम्म्या तर बायका आहेत, पण ती गोष्ट वेगळी. टोला छान आहे. पुरुषांच्या ‘आम्ही’मध्ये बायका नाहीत, हे त्यांनी बरोबर पकडलं. मग पुढचा प्रश्न येतो: ज्यांना भारतात इंग्रजी पेपर ‘युनक’ म्हणत होते, ती माणसं भारताच्या ‘आम्ही’मध्ये आहेत की नाहीत? मे 1998 मध्ये मुंबईत, पुण्यात, नांदेडात ती राहतच होती. या देशाचे नागरिक होती. त्यांच्याच देशानं जगाला सांगितलं की आम्ही हे नाही. वाक्यावर बरीच चर्चा झाली. पण त्या चर्चेत ते वाक्य भारत, पुरुष, बॉम्ब आणि पाकिस्तान यांच्याबद्दलचं राहिलं. ज्यांचं नाव घेतलं, त्यांच्याकडं कॅमेरा फारसा वळलाच नाही.

‘युनक’ म्हणजे नेमकं कोण?

इथं भाषेचा एक घोळ आहे. मराठीत नपुंसक, षंढ, हिजडा, तृतीयपंथी, किन्नर, पारलिंगी हे सगळे वेगळे शब्द आहेत. नपुंसक ही वैद्यकीय गोष्ट, किंवा शिवी. हिजडा ही एक जमात आहे: गुरू-चेल्याचं नातं असलेली, स्वतःच्या घराण्यांची, रीतींची. तृतीयपंथी हा आज पेपरात आणि सरकारी कागदात चालणारा शब्द. पारलिंगी हा कार्यकर्त्यांनी रुळवलेला शब्द, ट्रान्सजेंडरसाठी. इंग्रजी ‘युनक’नं हे सगळं एका पोत्यात भरलं.

आणि त्या पोत्यावर शिक्का मारला सरकारनं. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आपल्या इकडं तो पारधी, कैकाडी अशा समाजांमुळं माहीत आहे. त्याच कायद्याचा दुसरा भाग ‘युनक’ लोकांबद्दल होता: त्यांची नोंद ठेवा, त्यांच्या मालमत्तेची नोंद ठेवा, बाईच्या कपड्यात दिसले तर पकडा.

तुम्ही म्हणाल, आपण तर निजामाकडं होतो. बरोबर. परभणी सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. पण निजामानंही असाच कायदा केला. 1329 फसली साल, म्हणजे इसवी सन 1919. हैदराबाद शहरात, आणि सरकार सांगेल त्या इतर ठिकाणी, मुलं पळवण्याचा वगैरे संशय असलेल्या ‘युनक’ लोकांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेला माणूस बाईच्या कपड्यात, दागिने घालून रस्त्यात दिसला किंवा नाचता-गाताना सापडला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. नोंदीसाठी संशय पुरेसा होता. हा कायदा निजाम गेला, संस्थान गेलं तरी तेलंगणात पुस्तकात तसाच पडून होता. तेलंगणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला तो जुलै 2023 मध्ये. एकशे चार वर्षं!

म्हणजे 1998 च्या वाक्यातला ‘युनक’ हा नुसता शब्दालंकार नव्हता. तो त्याच वेळी एका जिवंत कायद्यातला शब्द होता.

आणि योगायोग बघा. त्याच जुलै 2023 मध्ये पुण्यात तृतीयपंथी कार्यकर्ते रस्त्यावर उतरले होते. कारण काय, तर एका आमदारानं विरोधी नेत्याला हिणवायला ‘हिजडा’ हा शब्द वापरला होता. भांडण दोन पुरुष नेत्यांचं. शब्द तिसऱ्याचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तुमच्या राजकारणात आमची ओळख शिवी म्हणून का वापरता? गुन्हा नोंदवा.

कौतुकाचं रूपक

आतापर्यंत शिवीचं बोललो. पण रूपक कौतुकाचंही असतं, आणि ते ओळखायला जास्त अवघड.

1999 मध्ये सिंथिया वेबर यांचं ‘फेकिंग इट’ नावाचं पुस्तक आलं. देशांना शरीर असतं, लिंग असतं असं आपण नकळत धरून चालतो ना? भारतमाता, अंकल सॅम वगैरे. वेबर यांनी हेच अमेरिकेला लावलं. 1959 च्या क्रांतीनंतर क्युबा हातातून गेला, अमेरिकेच्या मर्दानी प्रतिमेला तडा गेला, आणि मग डोमिनिकन रिपब्लिक, ग्रेनाडा, पनामा, हैती अशा छोट्या देशांत हस्तक्षेप करत तिला ती प्रतिमा उसनी आणावी लागली. म्हणजे महासत्ता हे एक सोंग आहे. वाचायला मजा येते, आणि महासत्तेची हवा निघते हे खरं. फक्त लिंग, सोंग, हरवलेलं पौरुष ही सगळी भाषा इथं एका देशाचं वर्णन करायला वापरलीय. ज्यांना रोज ‘तू सोंग करतोस’ असं ऐकावं लागतं, त्यांना ती भाषा कशी लागत असेल?

2014 मध्ये याहून गमतीचं झालं. युरोव्हिजन ही युरोपातली गाण्याची स्पर्धा ऑस्ट्रियाच्या कोंचिता वुर्स्टनं जिंकली. गाऊन, लांब केस आणि दाढी. ते वर्ष क्रायमियाचं होतं, रशिया आणि युरोपचं फाटलेलं होतं. रशियाचे उपपंतप्रधान दिमित्री रोगोझिन यांनी टोमणा मारला की युरोपात जाऊ इच्छिणाऱ्यांनी आपलं भविष्य बघून घ्यावं: दाढीवाली मुलगी. तिकडं युरोपातले लोक म्हणाले, बघा, आम्ही किती उदार! एका गायकाच्या दाढीवर दोन्ही बाजूंनी आपापले झेंडे लावले. वेबर यांनी 2016 च्या पुस्तकात यावर सविस्तर लिहिलंय. आणि मूळ माणूस? टॉम नॉइविर्थ. तो स्वतःला समलिंगी पुरुष म्हणतो, कोंचिता हे त्याचं रंगमंचावरचं पात्र. म्हणजे तो ट्रान्सजेंडर नाहीच. पण झेंडा लावायचा असला की काठीला कोण विचारतं?

2012 मध्ये लॉरा शोबर्ग यांनी आणखी एक पाऊल टाकलं. ट्रान्सजेंडर अभ्यासातल्या कल्पना, म्हणजे दिसणं आणि न दिसणं, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणं, मधल्या जागेत राहणं, या देशांच्या राजकारणाला लावून बघता येतील का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्यानं या माणसांच्या अनुभवाला ज्ञानाचा दर्जा दिला. ही छोटी गोष्ट नाही.

आपल्याकडं हे काम त्याआधीच आशिष नंदी यांनी केलं होतं. 1983 च्या ‘द इंटिमेट एनिमी’मध्ये त्यांनी पुरुषत्व, नारीत्व आणि क्लीबत्व असे तीन शब्द घेतले. इंग्रजांच्या राज्यात मर्दपणाला इतका भाव आला की क्लीबत्व हे बाईपणापेक्षाही खालचं, राजकीय माणसाच्या अगदी उलट टोकाचं मानलं जाऊ लागलं, असं ते दाखवतात. पोखरणचं वाक्य कुठून आलं, हे यातून कळतं. आणि खरंच, महाभारतात अर्जुन वर्षभर बृहन्नडा म्हणून राहतो, त्याच रूपात उत्तराचा सारथी होऊन रणात उतरतो, आणि कौरवांची फौज परतवली जाते. तोच अर्जुन कुरुक्षेत्रावर हातपाय गाळतो तेव्हा त्याला क्लैब्याचा टोमणा ऐकावा लागतो! पण नंदींचा विषय वसाहतीतलं मन हा आहे. क्लीबत्व तिथं मनाची एक अवस्था आहे. लोकलच्या डब्यात टाळी वाजवणारी व्यक्ती त्यात येत नाही.

विरोध कुणी केला?

हे फक्त माझं म्हणणं नाही. कॅनडाच्या विवियन नमास्ते यांनी 2000 मध्ये ‘इन्व्हिजिबल लाइव्ह्ज’ या पुस्तकात मोठमोठ्या सिद्धांतकारांना हेच सुनावलं. लिंग ही समाजानं बनवलेली गोष्ट आहे, हे सिद्ध करायला तुम्ही ट्रान्सजेंडर माणसांचं उदाहरण देता. पण त्यांना औषध कसं मिळतं, ओळखपत्र कसं मिळतं, पोलीस कसे वागतात, यातलं तुमच्या पुस्तकात काही नाही. पुस्तकाचं नावच ते आहे: न दिसणारी आयुष्यं. बोलतात सगळे, दिसत कुणी नाही.

आपल्या रेल्वेलाइनच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबाद-सिकंदराबादेत, गायत्री रेड्डी यांनी हिजडा समाजात राहून अभ्यास केला. 2005 मध्ये पुस्तक आलं. त्यांना तिथं सगळ्यात जास्त ऐकू आलेला शब्द लिंगाचा नव्हताच. शब्द होता इज्जत. घर, गुरू, धर्म, पैसा, नातं, या सगळ्यातून माणसाची इज्जत कशी ठरते, हे त्यांनी मांडलं. बाहेरून आलेला माणूस विचारतो, ‘तुम्ही पुरुष की बाई?’ आणि आतल्या माणसाची चिंता असते, मेल्यावर माझं नीट कोण करेल?

आता खरं आंतरराष्ट्रीय राजकारण

मग या माणसांचा आणि जगाच्या राजकारणाचा खरा संबंध कुठं येतो? रूपकात नाही, प्रत्यक्षात?

विमानतळावर येतो. अमेरिकेतल्या विमानतळांवर बॉडी स्कॅनर बसवले, तेव्हा ते चालवणाऱ्याला एक बटण दाबावं लागायचं: गुलाबी किंवा निळं. समोरची व्यक्ती बाई की पुरुष ते बघून. मग मशीन त्या साच्याशी शरीर ताडून बघणार, आणि न जुळलेली जागा संशयास्पद म्हणून दाखवणार. आम्ही याला बूलियन म्हणतो: दोनच उत्तरं, तिसरं नाही. पेसली कुरा आणि तारा मुलक्वीन या दोघांनी 2011 मध्ये यावर लेख लिहिला. इथं ट्रान्सजेंडर प्रवासी कशाचंही प्रतीक नाही. ती रांगेत उभी असलेली व्यक्ती आहे, आणि दहशतवादाविरुद्धचं युद्ध तिच्या शरीरावर येऊन थांबलंय.

मी ज्या एका प्रोजेक्टवर होतो तिथं फॉर्ममध्ये ‘इतर’ निवडलं की पुढचं पान उघडायचंच नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणी तपासलंच नव्हतं, कारण टेस्ट करताना ‘इतर’ कुणी निवडलाच नाही. 2011 च्या जनगणनेत पुरुष-स्त्री सोडून तिसऱ्या रकान्यात देशात 4 लाख 87 हजारांवर नोंदी झाल्या, महाराष्ट्रात जवळपास 41 हजार. तेवढ्या लोकांसाठी पान उघडत नाही.

ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी 2008 मध्ये आशिया-पॅसिफिकच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांत बोलल्या. पुढं त्यांचं आत्मकथन मराठीत आलं, ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’. पोखरणच्या वाक्याशेजारी हे शीर्षक ठेवून बघा. तिकडं ‘आम्ही ते नाही’. इकडं ‘मी’. शब्द जवळजवळ तोच, पण आता तो कुणीतरी स्वतःसाठी बोलतंय.

आणि आता आपल्या जवळचं. मध्य प्रदेशात कटनी शहरात 2000 च्या सुमारास कमला जान महापौर झाल्या. लोकांनी मतं दिली, त्यातही एक रूपक होतंच: यांना मुलंबाळं नाहीत, म्हणजे भ्रष्टाचार कुणासाठी करणार? कौतुकच, पण त्यातही माणूस बघितला नाही, ‘संसार नसलेला जीव’ बघितला. पुढं काय झालं? जागा महिलांसाठी राखीव होती. न्यायालयानं ठरवलं की कमला जान पुरुष आहेत. निवडणूक रद्द. 2003 मध्ये उच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं.

एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात सांगितलं की आपलं लिंग काय ते ज्याचं त्यानं ठरवायचं. 2019 मध्ये कायदा झाला. या कायद्यावर समाजातून बरीच टीका झाली. एक कारण बघा: तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं.

आता डिसेंबर 2020. जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवर अर्ज भरला. अर्ज बाद झाला, कारण त्या तृतीयपंथी. कटनीचीच गोष्ट पुन्हा. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, म्हणजे आपण परभणीवाले जिथं जातो त्याच कोर्टात. 2 जानेवारी 2021 ला न्यायालयानं सांगितलं, अर्ज घ्या, त्या महिला म्हणून लढू शकतात. त्या लढल्या आणि निवडून आल्या. त्याआधी 2017 मध्ये सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केलं होतं.

भादलीच्या प्रकरणात एक बारकावा आहे. अंजली यांनी कोर्टात सांगितलं की यापुढं कोणत्याही मोहापायी आपण पुरुष म्हणून वावरणार नाही, आणि आदेशात त्याची नोंद झाली. विचार करा, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या इतर कुणाला असं लिहून द्यावं लागतं का? पक्ष बदलणार नाही असंसुद्धा आपल्याकडं कुणी लिहून देत नाही! ‘ही माणसं सोयीनं बदलतात’ हा संशय जिंकलेल्या निकालातसुद्धा शिल्लक राहिला. सोंगाचं रूपक असं कागदावर उतरतं.

ओळ कॉमेंट करून बघा

आता कुणी विचारेल, भाऊ, मग रूपकं वापरायचीच नाहीत का? भाषा त्याशिवाय चालेल कशी? बरोबर आहे. नाही चालणार. मी सगळी रूपकं बंद करा म्हणत नाही.

आम्ही कोड तपासताना एक साधी युक्ती करतो. एखादी ओळ खरंच लागते का, हे कळत नसलं तर ती तात्पुरती बंद करायची. आमच्या भाषेत कॉमेंट करायची. प्रोग्रॅम तसाच चालला, तर ती ओळ उगाच होती. प्रोग्रॅम पडला, तर ती खरंच काम करत होती.

तेच इथं करा. पोखरणच्या वाक्यातून तो शब्द काढा: ‘आम्ही दुबळे नाही, हे सिद्ध करायचं होतं.’ अर्थ पूर्ण कळतो. म्हणजे तो शब्द अर्थासाठी नव्हताच, फक्त कुणालातरी खाली दाखवायला होता. रोगोझिन यांच्या टोमण्यातून दाढी काढा, ‘युरोपात जाऊ नका’ एवढंच उरतं, आणि तेवढंच म्हणायचं होतं. वेबर यांच्या अमेरिकेतून ट्रान्सजेंडर माणसं काढायची गरजच नाही, ती तिथं नव्हतीच. शोबर्ग यांच्या लेखाचं अर्धं टिकतं, अर्धं पडतं, असं मला वाटतं. नमास्ते, रेड्डी, आणि विमानतळावरचा तो लेख, यातून ती माणसं काढली तर काहीच उरत नाही. सगळं कोसळतं. माझ्या मते अभ्यास खरा आहे की नाही ते ओळखायची ही बरी परीक्षा आहे. विद्यापीठात शिकत असाल, पेपर लिहीत असाल, तर स्वतःच्या परिच्छेदावर करून बघा.

आणि विद्यापीठात नसाल तर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करा. मॅचच्या दिवशी छक्का म्हणा, खुशाल म्हणा, तो चेंडूला आहे. पण मित्र उधारी मागायला कचरला, भांडणातून मागं सरला, रडला, तर त्याला म्हणायला आपल्याकडं तोच शब्द तयार असतो. ‘बांगड्या भर’ हाही त्याचाच भाऊ. तो काढून टाका आणि साधं म्हणा: ‘घाबरलास का?’ अर्थ तितकाच पोचतो. आणि आपल्याच ग्रुपमध्ये एखादा पोरगा असेल, ज्यानं अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही. तो हे रोज वाचतोय. काही लिहीत नाही, फक्त निळी टिक दिसते.

पुढच्या भागात नालसा निकालावर नीट बोलू, आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून ओळखपत्र काढण्याची प्रक्रिया कायद्यात कशी ठरली, तेही बघू. त्याबद्दल काही माहिती असेल, स्वतः अर्ज केला असेल, तर मेसेज करा. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. आवडलं तर एका मित्राला पाठवा, भांडायचं असेल तर कॉमेंटमध्ये या. चला, इथं लाइट जायच्या आत अपलोड करतो. नमस्कार.